एक कोटीचा फॉर्म भरून घेण्याआधी: नव्या वितरकाने एआयएफ कसे शिकावे

इंदूरला रामबागेत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत रविवारी सकाळी पाच-सात जण जमतात. बहुतेक म्युच्युअल फंडाचे वितरक, एखादा विमा करणारा, कधी एखादा नुकताच सीए झालेला मुलगा. सगळ्यांची अडचण एकच असते. दहा वर्षे एसआयपी करून दिलेला क्लायंट आता मोठा झालेला असतो, एखाद्या बँकेचा माणूस त्याच्याकडे एआयएफचे (अल्टरनेटिव्ह इन्व्हेस्टमेंट फंड, म्हणजे मोठ्या रकमेचा खासगी फंड) चकचकीत पुस्तक ठेवून जातो आणि क्लायंट विचारतो, "हे काय आहे? घेऊ का?" तेव्हा आपल्याकडे उत्तर नसते.

मी या वाटेने गेलो, ठेचा खाल्ल्या, आणि त्यातली एक ठेच माझ्या क्लायंटलाही लागली. तिचे पुढे सांगतो. नव्या माणसाने कोणत्या क्रमाने शिकावे ते इथे लिहितो आहे. सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो: परतावा किती, हा प्रश्न शेवटी विचारा. पैसा कधी मागतील आणि कधी परत देतील, हा पहिला प्रश्न.

१. आपण कोण आहोत ते आधी ठरवा

आपल्याकडे बोलताना सगळेच 'सल्लागार' असतात. कायद्यात तसे नाही. सेबीचे गुंतवणूक सल्लागारांविषयीचे नियम २०१३ चे आहेत. त्यांखाली नोंदणी झालेला माणूस क्लायंटकडून फी घेतो, कमिशन घेत नाही. एआरएन (म्युच्युअल फंड वितरकाचा नोंदणी क्रमांक) असलेला वितरक कमिशन घेतो, पण स्वतःला सल्लागार म्हणवू शकत नाही. एकाच क्लायंटला एका हाताने सल्ला आणि दुसऱ्या हाताने विक्री, असेही चालत नाही. तेव्हा व्हिजिटिंग कार्डावर काय छापले आहे ते आजच तपासा.

कमिशनचेही इथेच उरकून घेऊ. एप्रिल २०२३ च्या सेबीच्या परिपत्रकानंतर कॅटेगरी तीनच्या फंडात वितरकाला फक्त समान ट्रेल मिळतो, म्हणजे पैसा फंडात असेपर्यंत सारख्या दराने मिळत राहणारे कमिशन. कॅटेगरी एक आणि दोनमध्ये एकूण वितरण शुल्काचा जास्तीत जास्त एक तृतीयांश भाग सुरुवातीला घेता येतो, उरलेला फंडाच्या मुदतभर. एखादा विक्री अधिकारी याहून जास्त आगाऊ कबूल करत असेल तर त्या फंडापासून लांब राहा. जो तुमच्याशी बोलताना नियम वाकवतो, तो क्लायंटच्या पैशाशीही तसाच वागेल.

२. नकाशा पाठ करा

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, कारण 'अल्टरनेटिव्ह' या एकाच शब्दाखाली दहा वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

एआयएफ म्हणजे सेबीच्या २०१२ च्या नियमांखाली नोंदलेला खासगी फंड. कमीत कमी गुंतवणूक एक कोटी रुपये, आणि एका योजनेत जास्तीत जास्त हजार गुंतवणूकदार. कॅटेगरी एकमध्ये व्हेंचर कॅपिटल, लघुउद्योग, सामाजिक क्षेत्र आणि पायाभूत सुविधांचे फंड येतात. कॅटेगरी दोनमध्ये प्रायव्हेट इक्विटी, खासगी कर्ज आणि रिअल इस्टेटचे फंड. त्यांचा पैसा प्रामुख्याने शेअर बाजारात न नोंदलेल्या कंपन्यांत जातो. कॅटेगरी तीन म्हणजे डेरिव्हेटिव्ह आणि उधारी वापरून व्यवहार करणारे फंड. पहिल्या दोन कॅटेगरी बंद मुदतीच्या असतात आणि ही मुदत किमान तीन वर्षांची असते.

पीएमएस (पोर्टफोलिओ व्यवस्थापन सेवा) निराळे. तिथे शेअर क्लायंटच्या स्वतःच्या नावाने राहतात आणि किमान रक्कम पन्नास लाख आहे. १ एप्रिल २०२५ पासून एसआयएफ (स्पेशलाइज्ड इन्व्हेस्टमेंट फंड) हा म्युच्युअल फंड घराण्यातलाच दहा लाखांपासूनचा प्रकार सुरू झाला. सर्वांसाठी खुले असलेले आरईआयटी (इमारतींच्या भाड्यावर चालणारे ट्रस्ट) आणि इनव्हिट (पायाभूत सुविधांचे ट्रस्ट) बाजारात नोंदलेले असतात, एक युनिटही विकत घेता येते आणि विकताही येते.

शिकवताना मी इंदूर महानगरपालिकेच्या हरित रोख्यांपासून सुरुवात करतो, कारण ते आपल्या शहरातल्या कितीतरी घरांत पोहोचले आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये निघाले, २४४ कोटींचे, व्याज ८.२५ टक्के, पैसा जलूदच्या पंपांना वीज देणाऱ्या सौर प्रकल्पासाठी. एनएसईवर नोंदलेले, रेटिंग असलेले, सामान्य माणसालाही खुले. आता शेजारी कॅटेगरी दोनचा खासगी कर्जाचा फंड ठेवा. तोही कर्जच देतो आणि व्याजच मिळवतो. पण भाव रोज दिसत नाही, मधेच विकायला बाजार नाही, आणि कर्ज कोणाला दिले हे तिमाही किंवा वार्षिक अहवालातून कळते. मुलांना हा फरक एका बैठकीत समजतो.

३. परीक्षा द्या, पण तिथे थांबू नका

म्युच्युअल फंडाची एनआयएसएम (सेबीची प्रशिक्षण संस्था) पाच-ए परीक्षा तुम्ही दिलेलीच असेल. एआयएफ वितरकांसाठी एकोणीस-ए आणि एकोणीस-बी, तर पीएमएस वितरकांसाठी एकवीस-ए आहे. पीएमएस करणार असाल तर १ जानेवारी २०२५ पासून एपीएमआय या संघटनेकडे नोंदणी हवी. एनआयएसएमचे अभ्यासपुस्तक खरोखर चांगले आहे. प्रश्नसंच पाठ करून पास होण्यापेक्षा ते एकदा सलग वाचा.

४. पीपीएम पेन्सिल घेऊन वाचा

पीपीएम, म्हणजे प्रायव्हेट प्लेसमेंट मेमोरँडम. शंभर-दीडशे पाने असतात, म्हणून कोणी वाचत नाही. विक्री अधिकारी वीस पानांचे सादरीकरण देतो आणि आपण तेच वाचतो. माझ्या गटात नियम असा आहे की सादरीकरण घरी ठेवायचे, पीपीएम आणायचा. २०२० पासून सेबीने त्याचा साचा ठरवून दिला आहे, त्यामुळे दोन फंडांचे पीपीएम शेजारी ठेवून कलमाला कलम लावता येते.

सुरुवात नोंदणी क्रमांकापासून करा. सेबीच्या संकेतस्थळावर फंडाचे नाव सापडलेच पाहिजे. इथे एक सापळा आहे. "हा फंड सेबीने मंजूर केलाय" असे वाक्य क्लायंटसमोर कधीही बोलू नका. सेबीकडे फंड नोंदतो आणि पीपीएम दाखल होतो; गुंतवणूक चांगली आहे असे सेबी सांगत नाही.

मग पुढच्या जागी खुणा करा:

- मुदत किती, आणि वाढ किती होऊ शकते. बंद मुदतीचा फंड मूल्याने दोन तृतीयांश गुंतवणूकदारांच्या संमतीने दोन वर्षांपर्यंत लांबतो. सात वर्षांचा फंड नऊचा झाला तर आज ६६ वर्षांचे असलेले काका तेव्हा ७५ चे असतील.
- व्यवस्थापन शुल्क कशावर लागते: कबूल केलेल्या रकमेवर (ती फंड पुढे हप्त्यांनी मागतो), की प्रत्यक्ष भरलेल्या रकमेवर?
- हर्डल (ज्याच्या आत व्यवस्थापकाला नफ्यातला वाटा मिळत नाही तो किमान परतावा) किती, आणि कॅच-अप (हर्डल ओलांडल्यावर व्यवस्थापकाने आधीच्या नफ्यातलाही वाटा भरून घेणे) आहे का. याचे गणित सहाव्या पायरीवर.
- हप्ता चुकला तर काय होते. हे कलम सर्वात आधी वाचा. माझा सगळा धडा त्यातच आहे.
- प्रायोजकाचा स्वतःचा पैसा किती. कॅटेगरी एक-दोनमध्ये निधीच्या अडीच टक्के किंवा पाच कोटी, यांतले जे कमी ते बंधनकारक आहे. तेवढेच टाकणारा आणि त्याहून बरेच टाकणारा, यांत मी फरक करतो.
- एका कंपनीत किती. कॅटेगरी एक-दोनमध्ये पंचवीस टक्क्यांपर्यंत मुभा आहे. म्हणजे चार कंपन्यांचाही फंड होऊ शकतो.
- मूल्यांकन कोण करतो आणि कधी. स्वतंत्र मूल्यांककाकडून सहा महिन्यांनी, पंचाहत्तर टक्के संमती असेल तर वर्षाने.

जुन्या कामगिरीचा तक्ता दिसला तर सोबतचा बेंचमार्क अहवाल (इतर फंडांशी केलेली तुलना) मागा. विकून पैसे परत दिलेल्या गुंतवणुका किती आणि नुसत्या कागदावर वाढलेल्या किती, हे दोन रकान्यांत वेगळे लिहा. कागदावर तिप्पट झालेली कंपनी अजून कोणाच्या बँकेत आलेली नाही.

५. रोखीचे वेळापत्रक लिहा

सांगतो म्हटले होते, ती गोष्ट ही. इथे जरा थांबून वाचा.

काही वर्षांपूर्वी माझ्या ओळखीच्या एका काकांना वडिलोपार्जित घराच्या वाटणीतून बरी रक्कम मिळाली. मी नवा होतो आणि उत्साहात होतो. एक कोटीच्या कबुलीवर त्यांना एका फंडात घातले. पंचवीस लाख लगेच गेले, बाकीचे फंड मागेल तसे द्यायचे होते. काकांनी विचार केला की उरलेले पडून कशाला राहतील, म्हणून सुपर कॉरिडॉरवर प्लॉट घेतला. मला सांगितलेही, आणि मी "चांगली जागा आहे" म्हणालो. पुढच्या वर्षी दुसऱ्या हप्त्याची नोटीस आली. दहा कामकाजाचे दिवस. प्लॉट दहा दिवसांत कोण विकत घेणार? काकूंच्या बांगड्या आणि पाटल्या गहाण टाकून हप्ता भरला. उशीर झाला म्हणून वर व्याजही भरले. आणखी उशीर झाला असता तर त्यांच्या युनिटांवर काय कारवाई झाली असती ते पीपीएममध्ये स्वच्छ लिहिले होते. मी ते पान वाचले नव्हते. फंडाने करारात लिहिले तेच केले. चूक पूर्ण माझी होती.

तेव्हापासून प्रत्येक क्लायंटसाठी एक वही करतो. डाव्या पानावर फंडाचे हप्ते: अंदाजे कोणत्या तिमाहीत किती. उजव्या पानावर क्लायंटची वर्षभराची रोख. आपल्या माळव्यात ही रोख दर महिन्याला सारखी नसते. सोयाबीनची आवक ऑक्टोबरात जोर धरते. छावणी किंवा लक्ष्मीबाई नगर मंडीत धंदा करणाऱ्याचा पैसा तेव्हा मालात अडकलेला असतो. महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमधल्या दुकानदाराचा दिवाळीआधी आणि लग्नसराईआधी स्टॉकमध्ये जातो. पिथमपूरला सुटे भाग बनवणाऱ्याचे बिल तीन-तीन महिने येत नाही. डॉक्टरांना मार्चमध्ये आगाऊ कर भरायचा असतो. फंडाला यातले काही माहीत नसते. तुम्हाला माहीत असलेच पाहिजे, त्यासाठीच तुम्ही आहात.

नियम सोपा ठेवा. कबूल केलेली आणि अजून न मागितलेली रक्कम लिक्विड फंडात किंवा छोट्या मुदतीच्या ठेवीत वेगळी राहील. त्या फोलिओला मी "हप्त्याचे" असे नाव देतो आणि घरच्यांनाही सांगून ठेवतो. त्यावर डोळा ठेवून प्लॉट, गाडी, लग्न काहीही ठरणार नाही. क्लायंटला हे मान्य नसेल तर फॉर्म भरू नका.

६. दोन गणिते हाताने करा

कॅल्क्युलेटर चालेल, पण आकडे वहीत उतरवा.

पहिले: "पैसे दुप्पट झाले" याचा अर्थ काय. पाच वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला साधारण १४.९ टक्के. आठ वर्षांत दुप्पट म्हणजे ९ टक्के. हर्डल दहा टक्क्यांचा असेल तर आठ वर्षांत एक कोटीचे २.१४ कोटी व्हायला हवेत. म्हणजे आठ वर्षांत दुप्पट करणाऱ्या व्यवस्थापकाला नफ्यातला वाटा मिळणार नाही, पाच वर्षांत करणाऱ्याला मिळेल. दोघांच्या जाहिरातीत मात्र "दोन पट" हेच लिहिलेले असेल. म्हणून आयआरआर (वर्षाच्या परताव्याचा दर) आणि पट हे दोन्ही आकडे मागा आणि तिसराही मागा: भरलेल्या पैशांपैकी प्रत्यक्ष किती परत दिले. त्याला डीपीआय म्हणतात. माझा भरवसा या तिसऱ्यावर जास्त.

दुसरे: कॅच-अप. समजा एक कोटी गुंतवले आणि वर्षात वीस लाख नफा झाला. हर्डल दहा टक्के, व्यवस्थापकाचा वाटा वीस टक्के. कॅच-अप नसेल तर हर्डलवरच्या दहा लाखांचे वीस टक्के, म्हणजे दोन लाख व्यवस्थापकाचे. पूर्ण कॅच-अप असेल तर आधी दहा लाख गुंतवणूकदाराला, मग अडीच लाख व्यवस्थापकाला, उरलेल्या साडेसात लाखांतले दीड लाख पुन्हा व्यवस्थापकाला. एकूण चार लाख. एका शब्दाने वाटा दुप्पट झाला. गटातल्या एका मुलीने हे पहिल्यांदा फळ्यावर सोडवले तेव्हा ती दोन मिनिटे तशीच फळ्याकडे बघत उभी होती. सगळ्यांनी एकदा तरी स्वतः सोडवावे असे मला मनापासून वाटते.

शुल्काचेही बघून घ्या. कबूल केलेल्या एक कोटीवर दोन टक्के शुल्क आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी मिळून वर्षाला २.३६ लाख. पहिल्या वर्षी फंडाने पंचवीस लाखच मागितले असतील तर त्या रकमेच्या नऊ टक्क्यांहून जास्त शुल्कातच गेले. म्हणून सुरुवातीची दोन-तीन वर्षे विवरणात तोटा दिसतो आणि पुढे आलेख वर वळतो. याला जे-कर्व्ह म्हणतात. क्लायंटला हा वाकडा आलेख पहिल्या दिवशी कागदावर काढून दाखवा. नंतर दाखवला तर त्याला ती सबब वाटते.

७. क्लायंटशी बोलताना

इंदूरचा गुंतवणूकदार खासगी व्यवहाराला नवा नाही. कॉलनीची रेरा नोंदणी व्हायच्या आधी डायरीवर प्लॉट घेणे त्याने पाहिलेले असते. हुंडीवर पैसे देणेही. त्यामुळे "प्रायव्हेट प्लेसमेंट" ऐकले की काहींना वाटते, अच्छा, म्हणजे डायरीच. हा गैरसमज तिथल्या तिथे मोडा. डायरीत फक्त नाव आणि आकडा असतो. इथे नोंदलेला ट्रस्ट आहे, लेखापरीक्षण आहे, युनिट डीमॅटमध्ये आहेत, तक्रारीला सेबीचे दार आहे. दुसऱ्या बाजूने हेही सांगा की डायरी जशी मधेच सोडवता येत नाही, तसा हा पैसाही मधेच काढता येत नाही. दोन्ही वाक्ये एकाच दमात सांगितली पाहिजेत.

नेहमी येणारी विनंती: "आम्ही चार भाऊ पंचवीस-पंचवीस टाकतो, एकाच्या नावाने करू." हे करू नका. दुसऱ्यांचे पैसे एकाच्या नावावर जमवून एक कोटीची अट पार करणे नियमात बसत नाही. संयुक्त नावे पती-पत्नी, किंवा पालक आणि मूल अशी दोघांचीच चालतात. चौघा भावांपैकी पुढे कोणी वारला की हिशेब कोर्टात जातो, हे वेगळे सांगायला नको.

आणि व्हॉट्सॲप. एआयएफची सार्वजनिक जाहिरात करता येत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर फंडाचे पान टाकणे, मंगल कार्यालयात फलक लावून सेमिनार घेणे, हे बंद ठेवा. ज्याच्यासाठी योग्य वाटते त्याच्याशी समोरासमोर बोला. मी तर घरातल्या दोघांनाही बसवतो. काकूंना माहीत असते तर तो प्लॉट झाला नसता.

एकूण संपत्तीच्या किती टक्के? माझे मत: राहते घर आणि धंद्यातला पैसा वगळून उरलेल्याच्या दहा टक्क्यांपुढे पहिल्यांदा जाऊ नये. म्हणजे एक कोटीसाठी दहा कोटी हवेत. या हिशेबाने माझ्या बहुतेक क्लायंटना एआयएफ नको असेच उत्तर निघते. त्यांच्यासाठी आरईआयटी, इनव्हिट आणि साधे म्युच्युअल फंड आहेत.

८. कागदपत्रे

हे पटकन. पॅन, केवायसी, पत्त्याचा पुरावा, डीमॅटची क्लायंट मास्टर यादी, रद्द केलेला चेक, एफएटीसीए (परदेशी कर-निवासाविषयीचे) घोषणापत्र, नामनिर्देशन, पैशाच्या स्रोताचा पुरावा, मुद्रांक लावलेला कॉन्ट्रिब्युशन करार. एचयूएफ (हिंदू अविभक्त कुटुंब) असेल तर एचयूएफचे पॅन आणि कर्त्याची कागदपत्रे, कंपनी असेल तर संचालक मंडळाचा ठराव. पॅनवर आणि डीमॅटवर नावाचे स्पेलिंग एकच आहे ना ते बघा. आपल्याकडे आडनावाच्या शेवटच्या एका अक्षरावरून अर्ज परत आलेले आहेत.

९. फॉर्म गेल्यानंतर

कॅटेगरी एक आणि दोनचे उत्पन्न, धंद्याचे उत्पन्न वगळता, गुंतवणूकदाराच्या हाती करपात्र होते आणि निवासी व्यक्तीला देताना दहा टक्के टीडीएस कापतात. फंड दरवर्षी तपशिलाचे प्रमाणपत्र देतो. ते जुलैच्या आत क्लायंटच्या सीएकडे पोहोचले का, हे तुम्ही विचारा. दर तिमाहीला वहीतले डावे पान प्रत्यक्ष हप्त्यांशी ताडून बघा. वेळापत्रक सरकले तर क्लायंटला आपणहून फोन करा, नोटीस त्याच्या ईमेलमध्ये पडून राहील अशी वाट पाहू नका.

त्या काकांचा फंड अजून चालू आहे. तिसऱ्या हप्त्याच्या महिनाभर आधी मी त्यांच्या घरी गेलो, वही उघडली आणि रक्कम लिक्विड फंडात आहे हे दोघांना दाखवले. काकूंनी वही हातात घेऊन उजवे पान स्वतः तपासले आणि मार्चमधला पुतणीच्या साखरपुड्याचा खर्च मी लिहायचा विसरलो होतो, तो पेनने घातला.